पेल्कीच्या मागचा टोस्टर

१

हो, तो टोस्टरच आहे. बरोबर ओळखलंत.

टेबलाशी येणारा प्रत्येक जण आधी तेच विचारतो. बेसबॉलचं कार्ड, पुढे खेळाडू, मागे खेळाडूंचा बाक आणि बाकावर टोस्टर, हा काय प्रकार? त्याची एक गोष्ट आहे आणि ती शंभर टक्के खरी आहे. आईशपथ. आता माझी आई माझ्या एकाही शब्दावर विश्वास ठेवायची नाही, तेव्हा ही शपथ किती धरायची ते तुमचं तुम्ही बघा. ऐंशी टक्के धरा. टोस्टर मात्र पूर्ण खरा आहे.

थांबा, शेंगांची टरफलं बाजूला करतो. कार्ड हातातच राहू द्या, फक्त कोपरे दाबू नका. कोपरा मोडला की कार्ड मोडणाऱ्याचं, हा या टेबलाचा नियम.

तर ओहायोत, लोरेनला, ड्वेन सोल्टिस नावाचा माणूस शाळेची बस चालवायचा. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, जुडग्याला प्लास्टिकचा मासा. लग्नबिग्न नाही. थोरली बहीण मार्लीन, तिच्या घराच्या तळघरात राहायचा. पगारातून तिचं भाडं, गाडीचा हप्ता आणि एका दाढेचं कधीच न संपणारं काम एवढं गेलं की आठवड्याला बारा डॉलर उरायचे. बारा डॉलरमध्ये नावाजलेल्या खेळाडूच्या कार्डाचा वाससुद्धा मिळत नाही. पण ड्वेनचं नशीब असं, की त्याचा लाडका खेळाडू दुसऱ्या कोणालाच नको होता.

रॉय पेल्की. राखीव कॅचर. कॅचर म्हणजे फलंदाजाच्या पाठीमागे, तोंडावर जाळीचा मुखवटा चढवून, उकिडवा बसतो तो. आणि राखीव कॅचर म्हणजे त्या उकिडव्याला कधी बरं वाटेनासं होतंय याची वाट बघत बाकावर बसतो तो.

ड्वेन लहान असताना वडिलांनी त्याला क्लीव्हलंडला मॅच बघायला नेलं होतं. खेळ सुरू व्हायच्या आधी पेल्की कठड्याशी आला आणि त्याने ड्वेनला चेंडू दाखवला. ड्वेनने हात पुढे केला. पेल्कीने मान हलवली आणि ड्वेनच्या मांडीवरच्या शेंगांच्या पुडीकडे बोट केलं. आधी पुडी घेतली, मग चेंडू दिला.

"लुटलं की रे तुला!" वडील म्हणाले.

ड्वेनला तसं वाटलं नाही. माणूस चोख वाटला. फुकट घेतलं नाही, फुकट दिलंही नाही. त्या दिवसापासून पेल्की एके पेल्की.

२

सकाळची फेरी संपली की दुपारच्या फेरीपर्यंत ड्वेन मोकळा असायचा. मार्लीन दातांच्या डॉक्टरकडे कामाला जायची, घर रिकामं. तळघरात छताजवळ दोन बुटक्या खिडक्या, बाहेर बर्फ, आत पांढुरका उजेड. त्या उजेडात टेबलाशी बसून तो अल्बम चाळायचा. पेल्कीची सगळी कार्डं लावून झाली होती. स्वस्त खोक्यांत बोटं काळी होईस्तोवर चाळून एकेक मिळवलं होतं. फक्त शेवटच्या पानावरचा शेवटचा कप्पा रिकामा होता.

पावाचं कार्ड.

पेल्की मूळचा मेन राज्यातला. तिकडच्या एका बेकरीने एका उन्हाळ्यात पावाच्या पुड्यांत कार्डं घालून विकली होती. लोकांनी पाव खाल्ला, कार्डांना लोण्याची बोटं पुसली आणि टाकून दिली. उरलेल्यांतलं एक कुठेतरी लिलावात गेलं. त्याचा आकडा ऐकून ड्वेन बस कडेला लावून नुसता बसून राहिला होता. बस रिकामी होती. बहुधा.

"त्यालाच विचार ना," एफ्राईन म्हणाला. एफ्राईनचं गावात कार्डांचं दुकान होतं. "मेनचा पत्ता आहे माझ्याकडे. जुना आहे."

"पेल्की जिवंत आहे?"

"काय की बाबा. पण त्या पत्त्यावर टाकलेलं टपाल परत येत नाही, एवढं खरं."

ही पद्धत सगळ्या कार्डवाल्यांना माहीत असते. खेळाडूला पत्र लिहायचं, सहीसाठी कार्ड घालायचं आणि सोबत परतीचं पाकीट घालायचं. त्यावर आपलाच पत्ता, आपल्याच अक्षरात. तिकीटही आपलंच.

"आणि एक कार्ड जास्तीचं घाल, त्याला ठेवून घ्यायला," एफ्राईनने बजावलं. "मोकळ्या हाताने मागायचं नसतं."

"जास्तीची कार्डं काय झाडाला लागतात?" ड्वेन म्हणाला.

आणि जास्तीच्या कार्डाऐवजी त्याने पत्रात एक जास्तीचं वाक्य घातलं. पावाचं कार्ड तुमच्याकडे असलं तर द्या, पैसे नाहीत, पण बदल्यात माझ्या घरातलं हवं ते घ्या.

मार्लीनने ते टेबलावरून उचलून वाचलं. "तुझ्या घरातलं? घर माझ्या नावावर आहे, राजा."

"अगं, लिहायची पद्धत असते तशी."

"पद्धत गेली खड्ड्यात. उद्या तो ट्रक घेऊन आला तर? माझ्या बहिणीच्या घरात माझं जे काही आहे ते घ्या, असं लिही. म्हणजे तुझे ते भोकं पडलेले मोजे घेऊन जाईल बिचारा."

ड्वेन चिडला. पण तोही चोख. आधीचं वाक्य खोडलं आणि मार्लीनने सांगितलं तसंच, अक्षरशः तसंच लिहिलं.

३

पाकीट परत आलं ते दुपारीच. स्वतःच्याच अक्षरातलं टपाल उघडताना सगळ्यांनाच जरा चमत्कारिक वाटतं. आपणच आपल्याला हाक मारल्यासारखं. त्यात नवीन काही नव्हतं.

आत त्याचं कार्ड होतं, सही केलेलं. आणि त्यासोबत आणखी एक. ते ड्वेनने कधीच पाहिलं नव्हतं. पेल्की मुखवटा चढवून उकिडवा बसलेला, हातातला जाडजूड कातडी मोजा समोर उघडून धरलेला. साल नाही, कंपनीचं नाव नाही. कुठल्याच सूचीत नसलेलं कार्ड, तेही फुकट! ड्वेन तळघरात एकटाच नाचला.

संध्याकाळी वरून मार्लीनची हाक आली. "ड्वेन, टोस्टर कुठंय?"

"जागेवर असेल."

"जागा जागेवर आहे. टोस्टर नाहीये."

टोस्टर ड्वेननेच कुणाच्या तरी अंगणातल्या सेलमधून आणला होता. एक बाजू करपवायचा, दुसरी कच्ची ठेवायचा. गेला तर गेला.

पुढच्या आठवड्यात आणखी एक पाकीट आलं. त्याच्याच अक्षरात.

आता इथे ड्वेन थांबला. त्याने परतीचं पाकीट एकच घातलं होतं. खात्री होती, कारण तिकीटच एक होतं. मार्लीनच्या ड्रॉवरमधून ढापलेलं, कोपरा फाटलेलं. या पाकिटावरही तेच तिकीट होतं. त्याच कोपऱ्यात फाटलेलं.

आतल्या कार्डावर पेल्की उकिडवा. मागे बाक. बाकावर टोस्टर.

हेच. तुमच्या हातात आहे ते. उलटून बघा. मागे खेळाडूंच्या गमतीजमती छापतात ना, अमक्याला मासेमारी आवडते, तमक्याला जुळ्या मुली आहेत? तिथे काय आहे? "या हिवाळ्यात रॉय नवं घर लावतो आहे."

४

"कोणीतरी तुझी मस्करी करतंय," एफ्राईन भिंग लावून म्हणाला. मग कार्ड उजेडात तिरपं धरून पाहिलं. मग म्हणाला, "पण छपाई जुनी आहे. कागदही तेव्हाचा. टोस्टर तुझाच कशावरून?"

"मुठीला चिकटपट्टी लावली होती मी. बघ."

एफ्राईनने पाहिलं. "विकतोस?"

"नाही."

"नाही म्हणालास ते बरंच झालं," एफ्राईन म्हणाला आणि कार्ड दोन बोटांनी परत सरकवलं.

मग पाकिटं येतच राहिली. इस्त्री गेली, कार्ड आलं. तळघरातला दिवा गेला, कार्ड आलं. खाट गेली तेव्हा आलेलं कार्ड तर रंगीत कडेचं, फारच देखणं होतं. ड्वेन जमिनीवर झोपू लागला. प्रत्येक कार्डात पेल्कीच्या मागे सामान वाढत चाललं होतं. बाकाशेजारी दिवा, दिव्याखाली खाट, खाटेवर घडी केलेली चादर. नीट लावलेलं घर. ड्वेनने कधी इतकं नीट लावलं नव्हतं.

तुम्ही म्हणाल, घाबरला नाही? घाबरला की. पण दर आठवड्याला नवं कार्ड, आणि अल्बममध्ये तो एक कप्पा रिकामा. घाबरलेल्या माणसाने अल्बमला आणखी पानं जोडली.

आवाज सुरू झाला तो दुपारचाच. टेबलाशी बसलं की पाठीमागून येई. थप्प. मुठीने जाड चामड्यावर मारावं तसा. थोडा वेळ काही नाही. मग कट, कट. ड्वेनने आधी बॉयलरवर आळ घेतला. तापला की असलं काहीतरी करतोच बॉयलर. मग भिंतीतल्या नळावर. नळ गोठतात, वाजतात. पण त्याचे स्वतःचे गुडघे बस चालवून वाजायचे आणि गुडघ्यांचा आवाज त्याला ओळखता येत होता. खूप वेळ उकिडवा बसलेला माणूस भार या पायावरून त्या पायावर घेतो, तेव्हा येतो तो.

त्याने मागे वळून पाहिलं नाही. बेसबॉलमध्ये फलंदाज मागे बघत नसतो. मागे कॅचर बोटांनी खुणा करत असतो आणि त्या चोरून बघणाऱ्याला मैदानात मान नाही. कुणीतरी पाठीशी बसलंय हे ठाऊक असतं, श्वास ऐकू येतो, तरी मान सरळ. ड्वेनने ते निमित्त केलं. खरं निमित्त तुम्हालाही कळतंय.

५

मग तो दिवस आला. पाकीट हातात घेतलं तेव्हाच कळलं. ताज्या पावाचा वास.

ड्वेनने उघडलं नाही. पाकीट टेबलावर ठेवलं आणि पहिल्यांदाच नीट हिशोब मांडला. साध्या कार्डाला टोस्टर. देखण्या कार्डाला खाट. मग पावाच्या कार्डाला काय? तळघरात उरलं होतं एक टेबल, एक खुर्ची. ती त्या कार्डापुढे कुठेच पुरणार नव्हती. याहून मोलाचं माझं या घरात काय आहे?

वरच्या मजल्यावर, मार्लीनच्या खुर्चीच्या पाठीवर तिचा स्वेटर लटकत होता.

ड्वेनला पत्रातलं वाक्य आठवलं. माझं जे काही आहे. बहीण माझीच की. सगळ्या जगात माझी म्हणावी अशी एकच.

मागे थप्प झालं. या वेळी फार जवळ.

"मार्लीन माझी नाही," ड्वेन मोठ्याने म्हणाला. समोर भिंतीकडे बघत. "ऐकलंस? घर तिचं, ती तिची. तिच्या चमच्यालासुद्धा हात लावायचा नाही."

शांत. मग थप्प. एकदाच. चेंडू झेलल्यासारखं. कबूल.

ड्वेनने श्वास सोडला. आणि सोडता सोडताच त्याच्या लक्षात आलं, की मार्लीन वजा केली तर मग उरतं काय ते.

टेबलावर कडक प्लास्टिकच्या वेष्टनात एक कार्ड होतं. खिडकीचा उजेड त्यावर चमकत होता. त्या चकाकीत त्याला आपला खांदा दिसला. खांद्याखाली कोपर. आणि कोपराखाली, जमिनीपासून फार उंच नाही, एक जाड तपकिरी मोजा. उघडा. काहीतरी आता पडेल, ते झेलायचंय, अशा बेताने धरलेला.

ड्वेनने वेष्टन पालथं घातलं.

६

त्या संध्याकाळी जेवताना तो म्हणाला, "मार्लीन, मला तुझ्याकडे ठेवून घे."

"चाळीस वर्षं ठेवलंच आहे की. बटाटे घे."

"तसं नाही. म्हण, हा माझा आहे. म्हणजे मी माझा उरणार नाही. नुसतं म्हण."

मार्लीनने काटा खाली ठेवला. टोस्टर, इस्त्री, दिवा, सगळं हा कार्डांपायी विकून खातोय अशी तिची पक्की समजूत झाली होती. आता नवीन काय मागतोय, म्हणून तिने त्याला आपादमस्तक न्याहाळलं.

"तुला?" ती म्हणाली. "फुकट दिला तरी नको."

आणि हसली. ड्वेनही हसला. भावाबहिणींत चालायचंच असलं.

तेवढ्यात कट, कट असा आवाज आला. मार्लीनच्या खुर्चीमागून.

"हा बॉयलर बघायला हवा कुणीतरी," मार्लीन म्हणाली.

"उद्या बघतो," ड्वेन म्हणाला. त्याचा आवाज एकदम ठाम होता. "उद्या दुपारी बघून टाकतो."

आता त्याने ठरवलं ते कशासाठी? तो मोजा पुन्हा कधी तिच्या खुर्चीमागे येऊ नये म्हणून? की तो रिकामा कप्पा भरायचा म्हणून? दोन्ही कारणं खरी होती. कुठलं किती टक्के, ते मला विचारू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळची फेरी त्याने नेहमीसारखी केली. बस झाडली. घरी येऊन हात धुतले, पुसले, कारण ओल्या हाताने कार्डाला शिवायचं नसतं. टेबलाशी बसला. खुर्ची थोडी पुढे ओढली, मागे कुणाला जागा हवी असते तशी. आणि पाकीट उघडलं.

दुपारच्या फेरीला बस आली नाही म्हणून शाळेतून मार्लीनला फोन गेला. ती घरी आली आणि तळघरात उतरली. टेबल तिथेच होतं, खुर्चीही. अल्बम शेवटच्या पानावर उघडा. कप्पा भरलेला. सगळीकडे पावाचा वास.

कार्डावर पेल्की पहिल्यांदाच उभा होता. मुखवटा काढलेला, पण हलल्यामुळे चेहरा पुसट. खांद्यावर पिशवी टाकून तो चौकटीच्या बाहेर निघाला होता. आणि त्याच्या मागे, जिथे तो बसायचा तिथे, मुखवटा घालून कुणीतरी उकिडवं बसलं होतं. कमरेला किल्ल्यांचा जुडगा. जुडग्याला प्लास्टिकचा मासा.

मार्लीनने कार्ड उलटलं. "घर: लोरेन, ओहायो." खाली खेळाच्या आकड्यांचा तक्ता, सगळा कोरा. आणि त्याखाली ती गमतीची ओळ: "रॉय निवृत्त झाला. इतक्या वर्षांनी राखीव कॅचरलाही राखीव मिळाला."

"अरे, थट्टा केली रे मी," मार्लीन तळघराला म्हणाली. "माझाच आहेस की."

पण तेव्हा ते म्हणून काही उपयोग नव्हता. सौदा झाला होता.

७

बाकीचा अल्बम तिने विकला. ते एक कार्ड नाही विकलं. जेवताना समोरच्या खुर्चीवर ठेवते, बटाटे वाढते. नवीन टोस्टर घेतला नाही.

संपली गोष्ट.

मला हे इतकं बारीकसारीक कसं ठाऊक? जवळच होतो असं समजा. शेंगा घेता? नको? बरं.

अरेरे. अंगठा उचला पाहू. उचला, उचला. हा बघा, मोडलात कोपरा. कुठल्या प्रसंगाला दाबलात, तेही मी बघत होतो. असू दे, वाईट वाटून घेऊ नका, सगळ्यांचं तिथेच होतं. आता कार्ड तुमचं. पाच डॉलर.

रोख नाही जवळ? हल्ली कुणाकडेच नसते. थांबा, टेबलाच्या त्या बाजूला येतो, तुमच्या मागून वाट आहे. आवाजाकडे लक्ष देऊ नका, गुडघे आहेत माझे. वर्षानुवर्षं बसून काढली की उठताना वाजतात.

नाही, वळू नका. तसेच उभे राहा, छान उभे आहात.

तर पैसे नाहीत, म्हणजे बदली करावी लागेल. फुकट मी कधी दिलं नाही, कुणाचं घेतलंही नाही. बोला. घरात तुमचं काय काय आहे?